इंदुबाईंची सहावी खिडकी

दौलतरावांकडे जायचं असेल तर घरून पाणी पिऊन निघा, असं मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला बजावून सांगायचे. त्यात कंजूसपणाचा आरोप नव्हता. माणूस दिलदार. पण त्यांच्याकडे आधी घर दाखवलं जायचं, मग बसायला सांगितलं जायचं, आणि पाणी त्यानंतर कधीतरी यायचं. माझे मामेसासरे एकदा जय भीम घालून खुर्चीत टेकणार, तोच दौलतरावांनी त्यांना दंडाला धरून उभं केलं.

"थांबा मामा. आधी ही खिडकी काय सांगते ते बघा."

मामा म्हणाले, "खिडकीचं नंतर ऐकतो बाबा. माझे गुडघे काय सांगतात ते आधी ऐक."

आम्ही बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहतो. आमच्या दारासमोर गल्ली आणि गल्लीपलीकडे दौलतरावांचं घर. त्या घराची आमच्याकडे आलेली बाजू म्हणजे तेव्हा स्वयंपाकघराची कोरी भिंत होती. माझ्यासारख्या बाईला कोऱ्या भिंतीसमोर राहायला लावणं ही शिक्षाच की! समोर काय शिजतंय, कोण रुसलंय, कोणाकडे कोण बघायला आलंय, काही म्हणता काही कळायचं नाही. तेव्हा या हकिकतीत माझाही थोडा स्वार्थ होता, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कोणी बोलायला नको.

दौलतराव अंबरनाथला एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. नट, बोल्ट, वायसर, पट्टे, नाना तऱ्हेच्या वस्तू, आणि प्रत्येक खणावर त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पत्र्याची पाटी. पाटी नसलेली वस्तू त्यांना बघवायचीच नाही. जगातल्या प्रत्येक गोष्टीला एक खण असतो आणि खणाला एक नाव असतं, अशी त्यांची पक्की समजूत.

त्यात युनियनची सहल गेली कार्ल्याच्या लेण्यांना. बाकीची मंडळी माकडांना चणे घालत आणि फोटो काढत हिंडली. हे मात्र लेण्यात जे बसले ते बसलेच. दर्शनी भागातल्या त्या मोठ्या कमानीतून ऊन आत कसं उतरतं, स्तूपावर कसं येतं, हे बघत राहिले. बस सुटायची वेळ झाली तेव्हा दोघांनी बखोटीला धरून बाहेर काढलं. घरी आले ते वेगळेच होऊन.

"लोक त्या कमानीला घोड्याचा नाल म्हणतात," ते बायकोला, इंदुबाईंना, म्हणाले. "नाल कसला? पिंपळाचं पान आहे ते. बोधिवृक्षाचं. बांधणाऱ्याच्या मनात काहीतरी असतं, इंदू. आपल्याला ते वाचता आलं पाहिजे."

झालं, वाचन सुरू. सुट्टी आली की निघाले अंबरनाथच्या शिवमंदिराकडे. देव आपला नसला म्हणून काय झालं, छिन्नी मारणारे हात आपल्यासारख्यांचेच होते, असं म्हणायचे. मंदिराच्या भिंतीवरच्या एकेका मूर्तीसमोर इतका वेळ उभे राहायचे की फुलवाल्या बाया त्यांना नवस फेडणारा समजायच्या. एकदा इंदुबाईंनाही घेऊन गेले.

"ही बाई बघ. कशी उभी आहे? मान एकीकडे, कंबर दुसरीकडे. यातून तुला काय कळतं?"

इंदुबाईंनी नीट निरखून बघितलं. "कंबर धरली आहे तिची."

"अगं, अप्सरा आहे ती!"

"असेल. तिलाही कोणी बस म्हणालं नसेल."

तेव्हा ही दोघं उल्हासनगरला कॅम्पात एका बराकीतल्या खोलीत भाड्याने राहायची. खोली एवढीशी, पण इंदुबाईंची चूल खिडकीला लागून, आणि खिडकी रस्त्यावर. त्या खिडकीतून शेजारच्या सिंधिणींचे पापड आत यायचे आणि इंदुबाईंची भाकरी बाहेर जायची. खिडकीत कायम पाण्याने भरलेला तांब्या. हमाल, हातगाडीवाला, कोणीही जाणारा-येणारा थांबायचा, पाणी प्यायचा आणि पुढे जायचा. दौलतरावांच्या मते ती खोली म्हणजे कोंडवाडा होता. इंदुबाईंना काय त्रास होता? रस्ताच त्यांच्या घरात राहायला होता.

मग हेंद्रेपाड्यात जागा घेतली आणि बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या आधीच्या वर्षी बांधकाम काढलं. नकाशा स्वतः दौलतरावांनी काढला. इंजिनीयरला कशाला विचारायचं? त्याला सिमेंट कळतं, अर्थ कळत नाही! घराला खिडक्या पाच. पंचशील म्हणून पाच. सगळ्या पिंपळाच्या पानाच्या आकाराच्या. प्रत्येक खिडकीला एक शील वाटून दिलेलं आणि प्रत्येकीवर पत्र्याची पाटी.

हिंसा न करण्याची खिडकी पुढच्या गॅलरीत. गटार त्याच बाजूला, त्यामुळे हेंद्रेपाड्यातले सगळे डास तिथूनच घरात यायचे, आणि इंदुबाई त्या पाटीखालीच उभ्या राहून टाळ्या वाजवत त्यांचा निकाल लावायच्या. चोरी न करण्याची खिडकी मागच्या दाराशी. तिसरी, वाकडं पाऊल न टाकण्याची, बेडरूमला होती. तिच्याबद्दल मी काही बोलत नाही, माझंही घरदार आहे. खोटं न बोलण्याची हॉलमध्ये, कारण पाहुणे तिथे गप्पा मारतात. आणि दारू न पिण्याची खिडकी त्या छोट्या खोलीत, जिथे इंदुबाईंचा धाकटा भाऊ चंदर येऊन-जाऊन मुक्काम टाकायचा. बरोबर त्याच्या उशाशी.

गवंडी होता सोनिवलीचा सोमा. पानाचा नकाशा बघून त्याने पागोटं काढून डोकं खाजवलं.

"सायब, पान लावायचा त झाराला लावा. भितीला कशाला? टोकाला पानी मुरंल."

"सोमा, हे साधं पान नाही. याला अर्थ आहे."

"अर्थाला लिंटल कसा घालू, ता सांगा."

बांधकाम ओट्यापर्यंत आलं तेव्हा इंदुबाईंनी आयुष्यातली पहिली मागणी केली. मी तिथेच होते, विटा मोजायला मदत करते असं सांगून गेले होते.

"अहो, ओट्यासमोर एक खिडकी ठेवा. गल्लीकडची."

"ती सहावी होईल."

"होऊ द्या."

"होऊ द्या काय? शीलं पाच असतात. सहावं कुठून आणू?"

"मग त्यातलीच एखादी इकडे आणा."

"कोणती आणू? चोरीची की दारूची?"

"दारूची आणा. स्वयंपाकघरात कोण पितंय?"

"म्हणूनच तिथे तिचं काम नाही!"

एवढं बोलून दौलतराव जिंकले. धूर जायला वर तीन भोकं ठेवली, ती त्रिशरणाची. आणि ओट्यासमोर भिंत उभी राहिली. आमच्याकडून बघितलं तर बाहेरून कोरी, त्यांच्याकडून बघितलं तर आतून कोरी. दोघी बाया दोन्हीकडून तीच भिंत बघत बसलो.

आता कपाटाचं सांगते. दौलतरावांना पुस्तकांचा सोस. त्यासाठी त्यांनी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून टेकचंदकडून एक लोखंडी कपाट घेतलं. टेकचंद म्हणाला, "साईं, अलमारी नहीं, किला दे रहा हूँ." आणि खरोखर किल्लाच. टेम्पो आला तेव्हा घराच्या भिंती कमरेएवढ्या होत्या, चौकटी बसायच्या होत्या. चार माणसांनी कपाट भिंतीवरून उचलून आत घेतलं, हॉलमध्ये एका बाजूला लावलं आणि त्यावर गोणपाट टाकलं. सोमा बिचारा त्याच्या मागून भिंत चढवत गेला. पानाचा आकार आला, पाटी आली, रंग आला. शेवटी गोणपाट काढलं तेव्हा लक्षात आलं की चौथी खिडकी, खोटं न बोलण्याची, कपाटामागे अख्खीच्या अख्खी गाडली गेली आहे.

सरकवायचं म्हटलं तर सरकवणार कुठे? समोरच्या भिंतीत बुद्धमूर्तीचा कोनाडा, उरलेल्या दोन्हींकडे दारं. बाहेर काढायचं म्हटलं तर दारंही कमानीची, खाली प्रशस्त आणि खांद्यापाशी निमुळती. कपाट दारात घातलं की खांद्याला अडायचं. आडवं केलं की पोटाला अडायचं. टेकचंदला बोलावून आणलं. त्याने चारी बाजूंनी हिंडून बघितलं, कपाटावर थाप मारली आणि निकाल दिला.

"निकलेगा नहीं. या तो दरवाज़ा तोड़ो, या अलमारी काटो, या फिर पढ़ना छोड़ दो."

यातलं दौलतरावांनी काहीच केलं नाही. मीही ही गोष्ट फक्त दोघी-तिघींना सांगितली. पुढचं काम गल्लीने केलं. दौलतराव भाजी घ्यायला गेले की भाजीवाली विचारायची, "भाऊ, मेथी ताजी आहे का जुनी, ते मी खरं सांगू का खिडकी उघडल्यावर सांगू?" चंदरने तर कहर केला. एका संध्याकाळी झुलत झुलत आला, कपाटाला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "दाजी, ही बंदच आहे ना? मग सांगून टाकतो. मी प्यायलेलो नाही."

इंदुबाईंनी हा मोका साधला. "चारच राहिल्या बघा. पाचवी माझ्या ओट्यासमोर काढा म्हणजे हिशोब जुळेल."

"कपाटामागे आहे, म्हणजे नाही असं होत नाही," दौलतराव म्हणाले. "दिसली नाही तरी ती आहे. मनात असली म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी इंदुबाईंनी जुन्या लुगड्याचा एक तुकडा कापला, त्याला दुमड घालून दोरी ओवली आणि ओट्यासमोरच्या कोऱ्या भिंतीवर दोन खिळे ठोकून पडदा लावला. निळा, बारीक काठाचा. मागे नुसती भिंत.

दौलतरावांनी विचारलं, "हे काय?"

"माझी खिडकी. मनातली."

तेव्हापासून घर बघायला आलेली माणसं स्वयंपाकघरात गेली की हमखास तो पडदा बाजूला करायची. मागे भिंत बघून दचकायची. आमच्या मंडळाचे अध्यक्ष चष्मा सारखा करून म्हणाले, "वा दौलतराव! ही काय सांगते? शून्यता का?" सगळ्या घरात तेवढ्या एका ठिकाणी दौलतरावांकडे पाटी नव्हती.

आणि मग शताब्दीची चौदा एप्रिल आली.

त्या वर्षी मिरवणूक पहिल्यांदाच आमच्या गल्लीतून जाणार होती. इंदुबाईंनी दोन नवे माठ आणले, वाळा घातला, फडकी गुंडाळली. सकाळपासून मी आणि त्या पाणी भरत होतो. "मालिनीताई, पेले पुरतील ना?" हे त्यांनी मला इतक्यांदा विचारलं की शेवटी मी माझ्या लग्नातले पेलेसुद्धा आणून दिले. नवी पांढरी साडी नेसून ही बाई माठापाशी अशी उभी, जणू तिचंच लग्न आहे.

ऊन मी म्हणत होतं. मिरवणूक आली ती बरोबर आमच्या दोघींच्या घरांमध्येच अडकली. पुढच्या वळणावर बैलगाडीवरची कमान विजेच्या तारेला लागत होती, ती सोडवेपर्यंत सगळे जागच्या जागी. ढोलवाले घामाने निथळलेले, लहान पोरं कडेवर, म्हाताऱ्या बाया आमच्या त्या कोऱ्या भिंतीला पाठ लावून तिच्या सावलीत उभ्या. भिंतीच्या आत, हातभर अंतरावर, गार पाण्याचे दोन माठ. मध्ये नऊ इंचांची वीट.

ज्यांना अगदीच राहवेना ते पाच-दहाजण वळसा घालून पुढच्या दाराने आत शिरले. आत दौलतराव टपलेलेच होते.

"काका, पाणी मिळेल का?"

"मिळणार ना! का नाही मिळणार! पण आलाच आहात तर आधी ही पहिली बघा. हा आकार तुम्ही कुठे पाहिलाय का?"

इकडे इंदुबाईंनी कळशी भरली, कमरेवर घेतली, दुसऱ्या हातात पेल्यांची चळत, आणि निघाल्या. स्वयंपाकघराची कमान पार केली. हॉलमध्ये बघतात तर दहा तहानलेली माणसं माना वर करून उभी आणि त्यांच्या मध्ये आपले यजमान हात वर करून. "सरका हो, सरका" म्हणत दोघांना पाणी दिलं, बाकीच्यांना ओलांडून दारापर्यंत पोचल्या. तिथे त्या निमुळत्या कमानीत समोरून दोन माणसं आत येणारी. ती मागे होईनात, ह्या मागे होईनात, कळशी मध्ये अडकली. मी मागून ढकलत होते, त्याने काम आणखी बिघडलं. शेवटी एकदाच्या बाहेर पडून, घराला वळसा घालून गल्लीत पोचलो, तर तार सुटली होती. मिरवणूक पुढे गेली होती. चौकात कोणीतरी सरबत वाटत होतं, सगळी गर्दी तिथे. आमच्या भिंतीखाली एक चप्पल तेवढी राहिली होती.

इंदुबाई भरलेली कळशी घेऊन परत आल्या आणि स्वयंपाकघरात माठांच्या मध्ये जमिनीवर बसल्या. थोड्या वेळाने दौलतराव आले, घाम पुसत, खुशीत.

"इंदू, बारा जणांना सगळं घर समजावलं. अगं, पाणी का नाही दिलंस बाहेर?"

"कुठून देऊ?"

मी खरं तर तेव्हा उठून जायला हवं होतं. पण मी कसली जाते!

इंदुबाई हळू बोलायला लागल्या. त्यांची आई, भिमाबाई, गावातल्या घरांमध्ये धान्य पाखडायला जायची. अंगणाच्या पलीकडे काम करायचं. तहान लागली की स्वयंपाकघराच्या खिडकीखाली जाऊन ओंजळ धरायची. वरून कोणीतरी हात बाहेर काढायचं आणि पाणी ओतायचं. पेला नाही. हात लागणार नाही अशा बेताने, उंचावरून. कधी ओतणारी कामात असली तर आई तशीच ओंजळ धरून उभी. लहान इंदू पदराला धरून शेजारी.

"मला तिथला चेहरा कधी दिसला नाही," त्या म्हणाल्या. "नुसता हात दिसायचा. बांगड्या घातलेला. बराकीत आपल्याला खिडकी मिळाली तेव्हा मी मनाशी म्हटलं, आता आतला हात माझा. पेला भरून देईन. ज्याच्या त्याच्या हातात. तोंड दाखवून. तुम्ही घरातल्या सगळ्या खिडक्यांना अर्थ दिलेत हो. माझ्या खिडकीला काय अर्थ आहे, ते एकदा तरी विचारलंत का?"

दौलतराव त्या निळ्या पडद्याकडे बघत राहिले. मग पहिल्यांदाच स्वतः एक पेला उचलला, माठातून भरला आणि खाली बसून इंदुबाईंच्या हातात दिला. मलाही द्यायला हवा होता, पण ते जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले नाहीत. मी दारात तांदूळ निवडत होते, तर समोरच्या भिंतीच्या आतून धाप्प, धाप्प आवाज. आत काय चाललं होतं ते मला इंदुबाईंनी नंतर सांगितलं. दौलतरावांनी आधी तो पडदा सावकाश बाजूला सारला, नीट गुंडाळून खिळ्याला अडकवला आणि मग घण घातला. पहिली वीट बाहेर पडली ती गल्ली ओलांडून माझ्या सुपापर्यंत. भोकातून धुळीने पांढरा झालेला एक चेहरा दिसला.

"लागलं का हो मालिनीताई?"

"नाही. पण आज काय शिजतंय ते आता दिसेल वाटतं!"

सोमाला निरोप गेला. तो आला, भगदाड बघून म्हणाला, "सायब, ह्याला पन पानच काढाचा का?"

दौलतराव इंदुबाईंकडे बघायला लागले. हेही पहिल्यांदाच.

"पान नको," इंदुबाई म्हणाल्या. "चौकोनी काढ. खाली कडाप्पा टाक, रुंद, तांब्या आणि पेले राहतील एवढा. आणि फार उंच नको. बाहेर उभ्या असलेल्याच्या डोळ्याला डोळा भिडला पाहिजे."

"गज किती जवळ टाकू?"

"भरलेला पेला आडवा न होता जाईल एवढे लांब."

दौलतरावांनी तेवढ्यात एक शंका काढलीच. "एवढे लांब गज? चोर हात घालील."

"तुमची ती चोरीची खिडकी आहे ना मागे? ती बघून घेईल त्याचं."

खिडकी झाली. साधी, सरळ, सोमाला दोन दिवसांत जमलेली. निळा पडदा पुन्हा लागला, या वेळी त्यामागे गल्ली होती. गल्लीत मी होते. त्या दिवसापासून आमच्या दोघींच्या डाळी वेळेवर शिजल्याचं कोणाला आठवत नाही.

पाटीचा प्रश्न तेवढा राहिला. दौलतरावांना झोप लागेना. एवढी खिडकी आणि तिला नाव नाही! त्यांनी पत्रा कापला, काळा रंग दिला, वाळवला आणि ब्रश पांढऱ्या रंगात बुडवून इंदुबाईंसमोर उभे राहिले.

"काय लिहू? दान लिहू? करुणा? करुणा चांगलं दिसेल."

इंदुबाई भाकरी थापत होत्या. "भिमाबाई लिहा."

त्यांनी लिहिलं. सुंदर वळणदार अक्षरात, आणि खिडकीच्या डोक्यावर बाहेरून ठोकलं.

आता होतं काय, आमची गल्ली स्टेशनकडून येणाऱ्या वाटेवर. भर दुपारी फेरीवाले येतात, सोनिवलीच्या बाया भाजीच्या टोपल्या रिकाम्या करून परत जातात. सगळे त्या सावलीत थांबतात, वर पाटी वाचतात, ज्याला वाचता येत नाही तो दुसऱ्याला विचारतो, आणि गजांपाशी तोंड नेऊन हाक मारतो, "ओ भिमाबाई! पाणी द्या जरा!"

इंदुबाई नाव दुरुस्त करत नाहीत. "आले," म्हणतात.

दौलतराव घरी असले तर आतून येऊन त्या माणसाला सांगायला लागतात, "ही खिडकी काय सांगते माहीत आहे का—" तोपर्यंत गजांतून पेला बाहेर आलेला असतो, आणि इंदुबाई नवऱ्याला म्हणतात, "अहो, पिऊ द्या त्याला आधी."